विकास आराखडा आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी धम्मावर बोलावे अशी समितीची इच्छा होती. पण आज मी जमिनीवर बोलणार आहे. ज्या चार भिंतींत आपण वंदना घेतो, त्यांच्याखालची जागा सरकारी नकाशात काय म्हणून दाखवली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा म्हटले तर दोन-चारच हात वर येतील.

तारापूरच्या माणसाला नकाशाची ताकद सांगायला नको. १९६९ साली इथे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. उलट, शेजारच्या डहाणू तालुक्यासाठी केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढली आणि कारखान्यांना ५०० एकरांची मर्यादा घातली. कागदावरची रेघ गाव उठवते, तशी ती वाड्या-बागा राखतेसुद्धा.

आता माझीच एक चूक सांगतो. मी पूर्वी दुसऱ्या शहरात राहायचो. वस्तीत आम्ही वर्गणी काढून समाजमंदिर बांधले होते. विकास आराखडा जाहीर झाला, पेपरात नोटीस आली. मी ती वाचली आणि 'बघू नंतर' म्हणून बाजूला ठेवली. नकाशात रस्ता समाजमंदिरावरून गेला होता. आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा उत्तर मिळाले, "मुदत संपली." मग मोर्चा काढला, घोषणा दिल्या, पण फायलीत आमचा एकही कागद नव्हता. समाजमंदिर गेले. ज्या म्हाताऱ्या बाईने मजुरीतले पैसे दिले होते, तिच्या समोर मला उभे राहवेना.

बांधवांनो, लेखी हरकतीत ताकद असते. २०१५ साली मुंबईचा प्रारूप आराखडा आला. त्यात चुका असल्याच्या हजारो हरकती लोकांनी घातल्या. शेवटी शासनाने तो नव्याने दुरुस्त करायला लावला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदाच हरकत घेण्याचा आणि सुनावणीला उभे राहण्याचा हक्क देतो.

आपल्याकडे दारे वेगवेगळी आहेत, म्हणून घोटाळा होतो. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत नियोजन एमआयडीसी करते. प्रादेशिक योजनेचे काम नगररचना खात्याकडे असते. गावाचा वार्षिक विकास आराखडा मात्र ग्रामपंचायत करते आणि तो ग्रामसभेपुढे येतो. आधी आपली जागा कोणाच्या हद्दीत आहे ते विचारा. मग सातबारा, नमुना आठचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, विहाराचा फोटो असे सगळे जोडून मुदतीच्या आत अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा! ग्रामसभेत नुसते बोलून खाली बसू नका. "ठराव प्रोसिडिंगला घ्या" म्हणा, आणि लिहिलेला वाचून घ्या. भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते. पाणी, गटार, बालवाडीची जागा हे विषय तिथे तुम्हीच मांडा.

१९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी पंचायतीत आपल्या माणसांसाठी राखीव प्रतिनिधित्व मागितले होते. गावाच्या भरवशावर आपले हित सोडता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीतल्या राखीव जागा राज्यघटनेतच आल्या. आता आपण सभेलाच गेलो नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

आणि हे धम्माबाहेरचे आहे असे समजू नका. वज्जी लोक वारंवार सभा भरवतात, एकजुटीने जमतात, एकजुटीने काम करतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले होते.

म्हणून विहार समितीला माझी विनंती आहे. लिहिता-वाचता येणारी दोन मुले आणि दोन मुली निवडा. नोटीस वाचणे आणि विहाराची कागदपत्रे एका फायलीत लावणे हे काम त्यांच्याकडे द्या. पुढच्या वर्धापनदिनी मिठाईच्या आधी ती फाईल सर्वांना दाखवा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!