गुण कुणी द्यायचे?

आज माझं गाऱ्हाणं समुपदेशक मंडळींपाशी आहे. क्लायंटशी आपलं नातं कसं जुळलंय, हे तुम्ही कुणाला विचारता? बहुतेक जण स्वतःलाच विचारतात. "आज सेशन छान झालं," हेही आपणच म्हणायचं!

आमटी करणाऱ्यानंच ती चाखून "मीठ बरोबर आहे" म्हणावं, तसं हे. अहो, जेवणारा दुसरा आहे, त्याला विचारा. आणि विचारायचं तेही कसं? "झालीय ना छान?" मग पाहुणा काय बोलणार! हो म्हणेल, मुकाट्यानं वरून मीठ घेईल, आणि पुढच्या वेळी बोलावलं की त्याला नेमकं काम निघेल.

बॉर्डिन यांनी १९७९ साली सांगितलेले या नात्याचे तीन भाग तुम्हाला पाठ आहेत: ध्येयांवर एकमत, कामांवर एकमत आणि आपुलकीचा बंध. त्यांवरून हॉर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली केली. पुढे १२ विधानांची छोटीही आली. तेवढाही वेळ नाही म्हणता? मग मिलर-डंकन यांची सेशन रेटिंग स्केल घ्या. चार रेघा, प्रत्येक दहा सेंटिमीटरची. क्लायंटनं खूण करायची, आपण पट्टी लावायची. ४० पैकी ३६ किंवा त्याहून कमी आले, तर तिथल्या तिथे बोलायचं.

पण आपल्याकडे ४० पैकी ४० येतात! "मॅडमना कमी गुण कसे द्यायचे?" ही भीड. म्हणून पूर्ण गुण आले की मी खूश होत नाही, "कुठे अळणी लागलं का?" असं हळूच विचारते. पुढे कधी तेच क्लायंट बिचकत का होईना ३२ देतात, तेव्हा मला बरं वाटतं. आता ते खरं बोलू लागले.

हॉर्वाथ आणि सायमंड्स यांनी १९९१ मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले. उपचाराचा गुण येणार की नाही, याचा अंदाज थेरपिस्टच्या गुणांपेक्षा क्लायंटच्या गुणांवरून अधिक बांधता आला. पुन्हा सांगते: क्लायंटच्या!

आता जोडप्यांचं काय? नवऱ्याचा कागद ३८ सांगतो, बायकोचा २४, तेव्हा सरासरी मुळीच काढू नका, कारण... वेळ संपत आल्याची खूण झाली. मग एवढंच: कागद भरून घेऊन फाइलला लावू नका. त्यांच्यासमोर वाचा, आणि कमी गुण दिसले तर तोंड पाडू नका.