धुराची कोंडलेली वाट
फोडणीचा ठसका बैठकीपर्यंत पोहोचू लागला, की दोष चिमणीच्या मोटारीवर जातो. परंतु यंत्र उत्तम असूनही बसविणाऱ्याच्या हयगयीने धूर घरातच कोंडतो, असे पुष्कळदा आढळते. 150 मिलिमीटर व्यासाच्या मुखाला 100 मिलिमीटरची नळी जोडली, तर हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते; त्यात ती सुरकुत्यांची नळी माळ्यावरून वळणे घेत गेली, म्हणजे तेलाचा चिकट थर साचून उरलासुरला मार्गही आक्रसतो. म्हणून नळी पूर्ण व्यासाची, आखूड आणि गुळगुळीतच बसवून घ्यावी. याबाबतीत कारागिराची भीड मुळीच बाळगू नये. मुखाजवळची झडप वेष्टनाच्या चिकटपट्टीने मिटलेली तर राहिली नाही ना, हेही पाहावे. शेवटी खिडकी किंचित उघडावी. ओढ तत्काळ वाढली, तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी ताजी हवा येण्यास वाव नव्हता, असे समजावे.