ठासणीच्या बंदुकीची वही

मजुरी, बियाणें आणि बाजारांतील उधारी यांचा हिशेब वऱ्हाडांतील शेतकरी लिहून ठेवतो. परंतु घरांत ठासणीची बंदूक असली, तर तिच्या बाराचा हिशेब मात्र हाताच्या अंदाजावर सोडून देण्याकडे मनाचा कल असतो. वास्तविक सगळ्या हिशेबांत चुकीची किंमत येथेंच सर्वांत मोठी आहे.

१ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला वाशिम जिल्हा हा शेतीचा मुलूख. सोयाबीन, तूर, हरभरा हीं येथील नेहमींचीं पिकें. रानडुकरें किंवा रोही शेतांत शिरले, कीं कित्येक महिन्यांच्या कष्टांची एका रात्रींत माती होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९५९ च्या कायद्यांत, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे, ती याच कारणानें. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुक्कर व रोही या दोघांनाहि संरक्षण दिलें आहे. अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून त्यांच्यावर गोळी झाडतां येत नाहीं.

काडतुसाच्या बंदुकींत दारू आणि छर्रे यांचें प्रमाण कारखान्यांतच ठरलेलें असतें. ठासणीच्या बंदुकीला ही सोय नाहीं. नळीच्या तोंडांतून आधीं दारू, तिच्यावर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि अखेरीस घोड्याखालीं टोपी. असा प्रत्येक बार हातानेंच तयार करावा लागतो. येथें बंदूक धरणारा स्वतःच कारखानदार होतो, आणि ज्या कारखान्यांत वही नाहीं त्याचा माल एकसारखा निघत नाहीं.

याहून मोठा धोका दुहेरी बाराचा. सायंकाळीं बापानें बंदूक भरून माळ्यावर ठेवावी, मध्यरात्रीं राखणीस आलेल्या मुलानें ती रिकामी समजून पुन्हां भरावी, आणि नळी फुटून त्याचा हात किंवा डोळा जावा, हें सहज घडण्यासारखें आहे. कवायतींत मुरलेले शिपाईहि यांतून सुटले नाहींत. १८६३ सालच्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर अमेरिकेंत रणांगणावरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा करण्यांत आल्या. त्यांपैकीं सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, आणि त्यांतील निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले आढळले. गडबडींत माणसाची आठवण किती फसवी असते, हें त्या आंकड्यांवरून दिसतें.

तेव्हां वही कशी असावी? पहिलें पान बंदुकीचें. परवान्यावरील क्रमांक, नळीची लांबी, तोंडाचा व्यास, आणि बंदूक बनविणाऱ्यानें सांगितलेली दारूची कमाल मर्यादा तेथें लिहावी. पुढें प्रत्येक बारास एक ओळ: तारीख, हवा कोरडी कीं दमट, दारूची जात, तिचें माप, गोळीचा व्यास व वजन, बोळा कशाचा, निशाणाचें अंतर, आणि गोळी कोठें लागली. टोपी उडूनहि बार न पेटल्यास तेंहि लिहावें. तो त्या दिवशींचा कितवा बार होता हेंहि नोंदावें. कारण काळ्या दारूची काजळी नळींत सांचत जाते आणि पहिला बार व पांचवा बार सारखा बसत नाहीं.

मापाच्या बाबतींत विशेष जपावें लागतें. जुन्या टिपणांत कोठें तोळा, कोठें ड्राम, कोठें ग्रेन असे शब्द येतात. तोळा म्हणजे १८० ग्रेन, ड्राम म्हणजे सुमारे २७ ग्रेन, आणि आजचा एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ साडेपंधरा ग्रेन. ग्रेनच्या जागीं ग्रॅम वाचला गेला, तर दारू पंधरा पटींहून अधिक पडेल. म्हणून संबंध वहींत एकच परिमाण ठेवावें, आणि तें आंकड्यापुढें पूर्ण शब्दांत लिहावें. बिनधुराची नवी दारू जुन्या नळींत कधींहि घालूं नये, ही सूचना तर पहिल्याच पानावर ठळक असावी.

निशाण सुधारावयाचें असेल, तर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दारू, गोळी आणि बोळा एकदमच बदलले, तर सुधारणा कशानें झाली हें कोणासच सांगतां येणार नाहीं. दारूचें माप बदलतांना सांगितलेल्या मर्यादेच्या खालींच राहावें.

वहीइतकाच गजाचाहि उपयोग आहे. नळी रिकामी असतां गज कोठपर्यंत आंत जातो, तेथें एक खूण. ठरलेला बार भरल्यावर कोठपर्यंत जातो, तेथें दुसरी खूण. बंदूक हातीं घेतांच, तोंड माणसांपासून दूर धरून, गज सोडून पाहिला कीं नळींत काय आहे तें कळतें.

वहींतील शेवटचे दोन रकाने मात्र कधींच कोरे राहूं नयेत: "रिकामी केली" आणि "धुतली". काजळी दमटपणा शोषून घेते व नळीस गंज चढतो. पावसाळ्यांत तर धुण्याचें काम त्याच दिवशीं व्हावें. राखण बदलतांना बंदुकीबरोबर वहीहि पुढच्याच्या हातीं द्यावी, आणि त्यानें ती ओळ वाचून, गज टाकून खात्री केल्यावांचून दारूच्या डब्यास हात लावूं नये.