चांद्याचा बिशप कोण नेमतो?



पोपचा अधिकार किती आणि चर्चचे ऐक्य कशात, या वादावर बोलायला कोट्टायम, पणजी किंवा मुंबई सोडून चांदा (चंद्रपूर) कशासाठी, असे अनेकांनी या परिषदेच्या स्वागत समितीला विचारले. उत्तर चांदा धर्मप्रांताचे केंद्र असलेल्या बल्लारपूरला आहे. 31 मार्च 1962 रोजी पोप तेविसावे जॉन यांनी नागपूरच्या लॅटिन धर्मप्रांतातला चांद्याचा मुलूख केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला. हे चर्च पोपला मानते, पण त्याचा उपासनाविधी पूर्व सिरियाक परंपरेतला आहे आणि आपला उगम ते प्रेषित थॉमसपर्यंत नेते. आधुनिक काळात केरळबाहेर त्याला मिळालेले हे पहिले मिशन क्षेत्र. सीएमआय या सिरो-मलबार धर्मसंघाचे धर्मगुरू इथे आले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो 1982 मध्ये झाला. 26 फेब्रुवारी 1977 रोजी या मिशनचा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि जानुआरियस पालातुरुत्ती त्याचे पहिले बिशप झाले.

म्हणजे रोमने आपणहून एका पौर्वात्य चर्चला जागा करून दिली. याचे मोल कळायला मागे जावे लागते. 1599 च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप अलेइशो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूरला सिनॉड, म्हणजे धर्मसभा, भरवला. तिथल्या ख्रिस्ती समाजाचे मेसोपोटेमियातल्या कुलपतीशी असलेले जुने नाते तोडले गेले, सिरियाक ग्रंथ तपासून बदलले गेले, कित्येक जाळले गेले. अवघ्या 54 वर्षांनी, 3 जानेवारी 1653 रोजी, मट्टांचेरीला जमलेल्या लोकांनी जेझुइट आर्चबिशपची आज्ञा मानणार नाही अशी शपथ घेतली. पुढे बरेचजण रोमकडे परतले. उरलेले अँटिओकच्या सिरियन परंपरेकडे वळले आणि त्यांच्यातूनच आजचे मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च उभे राहिले. 1999 पासून त्यांची एक सेमिनरी नागपूरलाही आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ऑर्थोडॉक्स म्हटले की 1054 साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये पडलेली फूट आठवते. मलंकरा परंपरा त्याहून जुन्या फुटीची आहे, 451 च्या खाल्सेदोन परिषदेनंतरची. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा तो मूळ मतभेद मलंकरा ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक यांच्या 3 जून 1990 च्या संयुक्त निवेदनाने बराचसा मिटला. शिल्लक राहिला तो अधिकाराचा प्रश्न.

हा प्रश्न चांद्याइतका नेमकेपणाने फार थोड्या ठिकाणी दिसतो. 1990 च्या पौर्वात्य चर्चच्या कायदासंहितेप्रमाणे, चर्चच्या ठरलेल्या हद्दीत बिशप निवडण्याचा अधिकार त्याच्या सिनॉडला, म्हणजे बिशपांच्या सभेला आहे. हद्दीबाहेर, जिथे चांदा मोडत आला आहे, सिनॉडने निदान तीन नावे सुचवायची आणि नेमणूक पोपने करायची. सिरो-मलबार चर्चला सगळ्या भारतात काम करण्याची पूर्ण मुभा मिळाली ती थेट 2017 च्या ऑक्टोबरात, पोप फ्रान्सिस यांच्या पत्राने. ऑर्थोडॉक्स मंडळी याच जागी बोट ठेवतात. थॉमसपासूनचा वारसा सांगणाऱ्या चर्चला आपल्याच देशात फिरायला रोमची परवानगी का लागावी? जे एका पत्राने मिळते ते दुसऱ्या पत्राने जाऊही शकते. समितीच्या मते हा आक्षेप खरा आहे आणि कॅथलिकांनी तो मनापासून ऐकला पाहिजे.

पण पोप नसला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चची 1934 ची घटना मोठी लोकाभिमुख आहे. तिथे प्रत्येक धर्मग्रामातून गेलेले धर्मगुरू आणि सामान्य श्रद्धावंत असोसिएशनमध्ये मत देतात. तरी अँटिओकच्या कुलपतीचा अधिकार किती, या मुद्द्यावर त्या कुलपतीला मानणाऱ्या याकोबी बांधवांशी त्यांचे दावे पिढ्यान्पिढ्या चालले आणि 3 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. 1054 च्या फुटीतून आलेल्या ऑर्थोडॉक्स जगातही युक्रेनच्या चर्चवरून मॉस्कोने 2018 साली कॉन्स्टँटिनोपलशी संबंध तोडले. सर्वांना एकत्र बसवू शकेल असा कुणीतरी पहिला लागतोच, हे कॅथलिकांचे म्हणणे अशा वेळी वजनदार ठरते.

गोव्याचे फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांची आठवण या व्यासपीठावर व्हायलाच हवी. 1886 साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले पोर्तुगीज पाद्रोआदोचे, म्हणजे चर्चच्या कारभारावर पोर्तुगालच्या राजाला असलेल्या हक्काचे, क्षेत्र आखडले. आल्वारिस यांनी त्याला कडाडून विरोध केला. रोमशी बिनसले, ते मलंकरा चर्चमध्ये गेले आणि 1889 च्या जुलैत कोट्टायमला मार ज्युलियस या नावाने बिशप झाले. त्यांचा झगडा सुरू झाला तो धर्मग्रामांच्या हद्दीवरून, श्रद्धेच्या एखाद्या कलमावरून नव्हे. बहुतेक फुटींचे असेच असते. पुढे पणजीत त्यांनी अनाथ, आजारी, भुकेल्या माणसांसाठी आयुष्य वेचले. 1923 साली गेले तेव्हा ते कॅथलिक नव्हते, तरी गोव्याच्या गोरगरिबांनी त्यांना आपले मानले. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

दूरच्या सत्तेचा मान राखून गावाने आपला निर्णय आपण घ्यायचा, हे चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांना कुणी शिकवायला नको. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथली ग्रामसभा बहुमताने ठराव करत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बसते. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ज्या कायद्याने तो मिळाला तो कायदा नवा हक्क बहाल करत नाही. पूर्वापार असलेला हक्क मान्य करतो. ऑर्थोडॉक्स जगाची रोमकडे नेमकी हीच मागणी आहे. चौथ्या शतकातल्या प्रेषितीय नियमांपैकी 34 वा नियमही याच धर्तीचा आहे: बिशपांनी आपल्यातल्या पहिल्याला विचारल्याशिवाय मोठे काही करू नये आणि त्या पहिल्यानेही सर्वांच्या संमतीशिवाय काही करू नये. 2007 च्या रावेन्ना निवेदनात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघांनी या नियमाचा आधार घेतला. 2024 च्या जूनमध्ये तर व्हॅटिकनच्याच एका अभ्यासलेखाने 1870 च्या परिषदेतील पोपविषयक शिकवणुकीचा नव्याने अर्थ लावावा असे सुचवले आहे.

आणि ऐक्य केवळ कागदावर राहत नाही: नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले. विदर्भाने ऐक्य घडताना पाहिले आहे.

चर्चेत पोपचा अधिकार जरूर घ्यावा, आणि भीड न ठेवता घ्यावा. मात्र एक काम त्याच्यासाठी थांबवू नये. बल्लारपूर, भद्रावती, दुर्गापूर अशा औद्योगिक वसाहतींत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स शेजारी राहतात, त्यांच्या मुलामुलींची लग्ने जुळतात, आणि रविवारी नवरा-बायको दोन वेगळ्या वेदींकडे जातात. 1994 साली कॅथलिक आणि याकोबी चर्चमध्ये अशा विवाहांविषयी करार झाला. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चशीही तितकीच स्पष्ट व्यवस्था व्हावी, अशी लेखी विनंती या परिषदेने दोन्ही बाजूंच्या बिशपांना करावी आणि तिच्यावर उपस्थित प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रतिनिधीने सही करावी, हे स्वागत समितीचे आपणा सर्वांना कळकळीचे आवाहन आहे.