गाडीवर चाललेलं वाफेचं मशीन

महालक्ष्म्यांच्या सणात आमच्या गेवराई तालुक्यातल्या वस्तीवरची डीपी जळाली. पाऊस थांबेना, रस्त्यात गुडघाभर चिखल. अंधाराची आम्हाला सवय आहे, त्याचं काही नाही. पण गटातल्या एकीच्या मामंजींना दमा आहे, रात्री वाफेचं मशीन लागतं. दुसऱ्या रात्री त्यांना बोलताही येईना. दवाखान्यात न्यावं तर ओढ्याला पाणी.

तिचा भाचा सणाला पुण्याहून आलेला. त्याची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि मोठी बॅटरीही. जपानात 2011 च्या भूकंपानंतर लोकांनी अशा गाड्यांवर घरातली उपकरणं चालवली होती. तिकडं काही गाड्यांना 1500 वॅटचा प्लगच होता. भाच्याच्या गाडीला तसला प्लग नव्हता, पण 300 वॅटचा छोटा इन्व्हर्टर होता. तो 12 व्होल्टची वीज घरातल्यासारखी 230 व्होल्टची करतो. मशीनवर 150 वॅट लिहिलेलं. सिगारेट लायटरच्या पॉइंटला एवढा भार दिला तर फ्यूज उडतो, म्हणून त्यानं इन्व्हर्टर गाडीच्या 12 व्होल्टच्या लहान बॅटरीला चिमट्यांनी जोडला. जाड नारिंगी वायरींना मात्र हात लावू दिला नाही. त्यात जीवघेणी वीज असते. पंधरा मिनिटांत मामंजी उशीला टेकून बसले. पाणी ओसरल्यावर सकाळी त्यांना डॉक्टरकडं नेलंच.

हे बघून शेजारच्या दादांनी आपल्या जीपला इन्व्हर्टर लावला. इंजिन बंद, आणि रात्रभर टीव्ही, पंखा, बल्ब. सकाळी जीप चालू होईना. धक्का मारायला कोण? आम्हीच!

हिशोब सोपा आहे. जीपच्या 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 12 गुणिले 60, म्हणजे 720 वॅट-तास वीज. त्यातली निम्मीच वापरायची. तेवढ्यात 9 वॅटचे चार बल्ब आठ-नऊ तास चालतात. घरगुती चक्कीचं नाव काढू नका. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी लहानीला भरत राहते, आणि मोठी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं.

धोकाही तिथंच आहे. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असं वाटतं. गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ती मध्येच सुरू झाली तर धूर कोंडतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. म्हणून आम्ही गाडी अंगणात, दारं-खिडक्यांपासून लांब लावली आणि वायर आत घेतली.

आणि ही वीज घरच्या बोर्डात घालायची नाही. ती उलटी लाईनवर जाते, आणि तिकडं खांबावर वायरमन असतो. मशीन थेट इन्व्हर्टरलाच लावायचं.

पाचव्या दिवशी डीपी आली. गटानं बचतीतून एक इन्व्हर्टर घेतला. तो मामंजींच्या घरी असतो, चिमटे आणि लांब वायरीसकट. कुणाला लागला तर त्यांच्या सुनेला हाक मारायची.