वेळेत मिळालेले उत्तर



उत्तरपत्रिका गोळा झाल्यानंतर सुचलेल्या अचूक उत्तराला गुण मिळत नाहीत. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला हा नियम अभियांत्रिकीच्या एका शाखेचा पाया आहे. मोटारीची धडक झाली की एअरबॅग फुगवण्याचा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो. अर्ध्या सेकंदानंतर झालेला तोच निर्णय निरुपयोगी ठरतो. यंत्राच्या पोटात बसून नेमून दिलेले काम करणारा संगणक म्हणजे एम्बेडेड सिस्टिम. त्याचे उत्तर बरोबर असणे आणि ते मुदतीत येणे या दोन्हींवर अचूकता ठरत असेल, तर ती प्रणाली रिअल-टाइम म्हणवते. पेसमेकर, विमानाचे नियंत्रण, रेल्वेची सिग्नल यंत्रणा ही तिची उदाहरणे. अशा प्रणालींची रचना आणि पडताळणी हा विद्यापीठांतील उच्च शिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे.

या विषयाचा विद्यार्थी प्रथम एक गोष्ट शिकतो : येथे सरासरीला किंमत नाही. शंभरातील नव्व्याण्णव वेळा लवकर आणि एकदा उशिरा येणारे उत्तर येथे नापास होते. विचार करायचा तो सर्वांत वाईट प्रसंगाचा. एकच प्रोसेसर अनेक कामे आळीपाळीने करतो. ठरावीक काळाने पुनःपुन्हा येणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अशा कामांचा हिशेब लिऊ आणि लेलँड या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडला. जे काम अधिक वेळा येते त्याला वरचा अग्रक्रम द्यावा. मग कामे कितीही असोत, प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांपर्यंतचा वेळ व्यापला असेल तर एकही मुदत चुकणार नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले.

परंतु कामे एकमेकांत गुंतली की हिशेब बदलतो. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाचे उरलेले काम पुढे ढकलावे लागू लागले. हवामानाची नोंद घेणारे कमी अग्रक्रमाचे एक काम सामायिक साधन हाती धरून बसे. तेच साधन अत्यंत महत्त्वाच्या दुसऱ्या कामाला हवे असे. इतक्यात मधल्या अग्रक्रमाची कामे येत आणि हवामानाच्या कामाला बाजूला सारत. परिणामी, ते महत्त्वाचे काम मधल्या कामांमागे ताटकळत राही आणि मुदत चुकली की संगणक स्वतःला नव्याने सुरू करी. या दोषाला ‘अग्रक्रमाची उलटापालट’ म्हणतात. त्यावरचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोक्झी यांच्या १९९० मधील शोधनिबंधात आधीच होता : महत्त्वाचे काम खोळंबले असेल, तर त्याला अडवणाऱ्या कामाला तेवढ्यापुरता त्याचाच अग्रक्रम द्यावा. ही सोय यानाच्या संगणकातही उपलब्ध होती, मात्र त्या ठिकाणी बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून पाहिला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली.

मंगळावरचे यान पुन्हा सुरू होऊ शकले. रुग्णाच्या छातीतील यंत्राला तेवढी सवलत मिळेलच असे नाही. म्हणूनच केवळ चाचण्यांवर विसंबता येत नाही. दोनच अवस्था असलेली तीस उपकरणे एकत्र आणली, तर त्यांच्या संयुक्त अवस्था १०७ कोटींहून अधिक होतात. त्या सर्व हाताने तपासणे अशक्य. यासाठी प्रणालीचे गणिती प्रारूप बांधून, त्याच्या साऱ्या शक्य अवस्था संगणकाकडूनच तपासून घेण्याची ‘मॉडेल चेकिंग’ ही पद्धत विकसित झाली. तिच्या प्रवर्तकांना, क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना, २००७ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण तपासायचे काय, हे आधी शब्दांत सांगावे लागते. इस्रायली अभ्यासक आमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये यासाठी कालविषयक तर्कशास्त्र वापरले. त्याचा कणा ‘नेहमी’, ‘केव्हा ना केव्हा’, ‘तोवर’ अशा घरगुती शब्दांचा आहे. रेल्वे फाटकाचे पाहा. ‘गाडी फाटकात असताना फाटक नेहमी बंद असेल’ हे विधान पुरेसे वाटते. पण कधीच न उघडणारे फाटकही त्याची पूर्तता करते! म्हणून ‘बंद झालेले फाटक केव्हा ना केव्हा उघडेल’ हेही लिहावे लागते. ते किती सेकंदांत उघडेल, हे सांगायचे तर प्रारूपात घड्याळ हवे. असे घड्याळ असलेल्या प्रारूपांचा सिद्धान्त कानपूरच्या आयआयटीत शिकलेले राजीव अलुर आणि डेव्हिड डिल यांनी घडवला.

या पडताळणीलाही मर्यादा आहे. सिद्धता प्रारूपाची होते. गृहीतकच चुकले असेल, तर निर्दोष सिद्धताही यंत्राला वाचवू शकत नाही. म्हणून गृहीतके उघडपणे लिहून ठेवणे हा या अभ्यासातला मोठा संस्कार आहे.

पालकहो, मुलांना प्रोग्रॅम लिहिता येतो का, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. या विषयाची मागणी त्यापुढची आहे : जे म्हणायचे ते नेमके म्हणता येते का, आणि ते तसेच का, हे सिद्ध करता येते का? भूमितीच्या तासाला ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ वेगळे लिहायला मराठीतून शिकलेल्या मुलांची ही तयारी वर्गातच सुरू झालेली असते. ‘नेहमी’ आणि ‘केव्हा ना केव्हा’ यांतला फरक ज्याला स्वतःच्या भाषेत स्पष्ट दिसतो, त्याला पुढे तो चिन्हांत मांडणे जड जात नाही. साठ वर्षे मायबोलीतून विचार करायला शिकवणाऱ्या या शाळेच्या मुलांनी हे क्षेत्र परके मानण्याचे कारण नाही.