क्रोशा की मॅक्रम?
(संस्थेच्या हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी हस्तकला शिक्षिकेने केलेले भाषण)





प्रदर्शन पाहताना बऱ्याच मातांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, मुलीला क्रोशा शिकवू की मॅक्रम?" त्याचे उत्तर मी सर्वांसमोर देते.

क्रोशाला लागते एक आकड्याची सुई आणि एक दोरा. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे हाताला बसले की रुमाल, थालपोस, जाळीची टोपी, सारे जमते. काम पिशवीत मावते. चुकले तर दोरा ओढावा, उसवावे आणि पुन्हा विणावे. दोरा वाया जात नाही. मात्र मान खाली घालून बारीक काम करावे लागते, म्हणून उजेड चांगला हवा.

मॅक्रमला सुई लागत नाही. दहा बोटे हीच अवजारे. चौकोनी गाठ आणि वेढ्याची गाठ या दोन गाठींवर बहुतेक नमुने उभे राहतात. आपल्या घरातले जुने शिंके आठवा, म्हणजे मॅक्रम परके वाटणार नाही. हा शब्द अरबी 'मिक्रमा' किंवा तुर्की 'मक्रमा' यावरून आला असे मानतात. कापडाच्या कडेला सुटलेले धागे गाठवून विणकर झालर करीत, त्यातून ही कला वाढली, स्पेन-इटलीत गेली आणि खलाशांनी ती बंदरोबंदरी नेली.

मॅक्रमचे काम भराभर दिसू लागते, म्हणून मुलांना त्याचा हुरूप येतो. पण दोरी आधीच मोजून कापावी लागते. मधोमध दुमडून बांधायची असेल तर तयार वस्तूच्या सुमारे आठपट लांब. दोन फुटांच्या शिंक्याला एक दोरी सोळा फूट. अशा आठ दोऱ्या म्हणजे १२८ फूट! हिशेब चुकला तर काम अर्ध्यावर अडते. घट्ट बसलेली गाठ सोडवणेही सोपे नाही.

तेव्हा धीराच्या मुलीने क्रोशाने सुरुवात करावी, चुळबुळ्या मुलाने मॅक्रमने. होय, मुलानेसुद्धा! खलाशी पुरुषच होते.

आता जी गोष्ट सांगायला मी उभी राहिले ती सांगते. माझी अम्मी एका व्यापाऱ्यासाठी नगावर थालपोस विणीत असे. दोरा तो देई, हिशेबही तोच लिही. अम्मीला अक्षरओळख नव्हती. मी चौथीत असताना ती वही वाचली, तेव्हा दिलेल्या नगांपेक्षा लिहिलेले नग कमी निघाले. अम्मी रागावली नाही, गप्प बसली. तिची ती चुप्पी मी अजून विसरलेले नाही.

ही एका घरची कहाणी नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने कितीतरी कुटुंबांना तगवले. आंध्रातील नरसापूरची लेस परदेशी जाते. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली पुस्तक लिहिले. या बायका रोज कित्येक तास विणीत, पण ते 'फावल्या वेळचे काम' समजले जाई आणि मजुरी शेतमजुरीहूनही कमी पडे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलीच्या हाती सुई द्या, दोरी द्या, पण तिच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका. "दहावी झाली, आता घरी बसून विणू दे" असे म्हणू नका. आणि मुलींनो, छंद म्हणून विणाल तेव्हा खुशाल वेळ विसरा. पैशासाठी विणाल तेव्हा दोऱ्याचा खर्च आणि लागलेले तास वहीत लिहा. वही तुमची असावी, अक्षरही तुमचे असावे.

आज प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक वस्तूखाली ती करायला लागलेले तास मुलींनी स्वतः लिहिले आहेत. जाताना तेवढे जरूर वाचा.